मरण टाळणाऱ्या पेशी

माझ्याकडे अख्खा माणूस कधी आलाच नाही. त्याचा तुकडा यायचा. जिभेचा, स्तनाचा, गर्भाशयाचा, कधी नुसतं अपेंडिक्सचं शेपूट. नगरच्या माझ्या लॅबमधल्या टेबलावर बाटली येऊन पडायची. बाटलीवर चिकटपट्टी, तिच्यावर नाव आणि वय. तो माणूस हसरा आहे की तापट, त्याच्या घरी कोण आहे, हे मला कळायचं काही कारण नव्हतं. तरी त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट वाक्य बहुतेक वेळा मी लिहिलेलं असायचं. ते वाचून दाखवायचं काम दुसऱ्याचं.

पॅथॉलॉजिस्ट म्हटलं की लोकांना रक्त-लघवी आठवते. ते काम माझ्याकडेही चालायचं, त्याच्यावरच लॅबचं भाडं निघायचं. पण मी शिकले होते ते पेशी ओळखायला. सर्जन गाठ काढतो आणि ती फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे कुजू न देणाऱ्या द्रावणात, घालून पाठवतो. आम्ही तिचे छोटे तुकडे मेणात बसवून ठोकळे करतो. त्याला आमच्यात ब्लॉक म्हणतात. त्या ठोकळ्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ काप काढायचा, काचेवर चढवायचा, गुलाबी-निळा रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. ऐकायला सोपं आहे. बघायला शिकण्यात तरुणपण जातं.

नमुने कसे यायचे ते सांगितलं तर आजच्या डॉक्टरांना पटणार नाही. संगमनेरचे एक डॉक्टर एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवायचे. एकदा गर्भाशय आलं ते लोणच्याच्या बरणीत, बरणीवरचं कैरीचं चित्र तसंच. एका गृहस्थांनी बायकोच्या छातीतली गाठ मिठाच्या पाण्यात घालून आणली, कारण त्या दवाखान्यात फॉर्मॅलिन संपलं होतं. मे महिना होता. गाठ इतकी कुजली होती की मला काहीच वाचता आलं नाही. मी तसं सांगितल्यावर गृहस्थांचा चेहरा खुलला.

"म्हणजे काही नाही ना, मॅडम?"

"काही नाही असं नाही. मला काही दिसत नाही."

हा फरक मी आयुष्यभर लोकांना सांगत आले. फार थोड्यांना तो पटला. डॉक्टरांनाही.

माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. वडील साखर कारखान्यात फिटर होते. घरातली पहिली डॉक्टर मी. एम.डी.ला मी पॅथॉलॉजी घेतली, तेव्हा आमचे एक प्राध्यापक मनापासून म्हणाले होते, "बरं केलंत. तुमचा पेशंटशी संबंध येणार नाही." ते कुणासाठी बरं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढे नगरमध्ये लॅब टाकल्यावर आडनाव विचारून जिना उतरून गेलेली माणसं पाहिली, तेव्हा त्यांचं बोलणं समजलं.

तर मला सांगायचंय ते भानुदास यांच्याबद्दल. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात ते म्हशींचे दलाल होते. हे अर्थात मला नंतर कळलं. आधी आली ती बाटली. तिच्यात त्यांच्या जिभेच्या डाव्या कडेचा भाग होता, सुपारीएवढ्या घट्ट जखमेसह. ऑपरेशन डॉ. सबनीस यांनी केलं होतं. सबनीस नगरमधले नावाजलेले सर्जन. हात चांगला, बोलणं त्याहून चांगलं. माझ्याकडे येणारे निम्मे तुकडे त्यांच्याकडून येत.

नव्वदीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. तंबाखूनं आमच्या भागात तोंडाचे कॅन्सर इतके व्हायचे, की ती स्लाइड मी चहा पिता पिता ओळखू शकले असते. पण या स्लाइडवर माझा चहा थंड झाला. गाठ लहान होती, वरून साधी दिसत होती. तिच्यात मरून आकसलेल्या पेशीही पुष्कळ होत्या. मात्र गाठीच्या सगळ्यात खोल कडेला पेशी गटागटानं न थांबता एकेकट्या, दोन-दोन अशा जिभेच्या स्नायूंच्या धाग्यांमधून आत शिरल्या होत्या. कॅन्सर मोठा असण्यापेक्षा असा घुसणारा असणं वाईट. मी रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहिलं.

सबनिसांचा फोन आला.

"मॅडम, मी कापलेल्या कडा मोकळ्या आहेत ना?"

"आहेत. पण सर, आत शिरायची पद्धत चांगली नाही. मानेतल्या लसिकाग्रंथी काढून टाकाव्यात असं मला वाटतं, हे आधी तिथेच जातं."

"मानेत हाताला काही लागत नाही. आणि तुम्हीच लिहिलंय, पेशी भरपूर मरतायत म्हणून. चांगलंच आहे की. आपल्या आपण मरतायत."

"मरतायत त्या मागच्या, सर. पुढच्या मरत नाहीयेत."

ते हसले. "थांबू आपण. दर महिन्याला बघू." आणि फोन ठेवला.

थांबून बघणं हा तेव्हा मान्य मार्ग होता, हे मला सांगायलाच हवं. मोठमोठे सर्जन तसं करत. सबनिसांना मी निष्काळजी म्हणणार नाही. ते खात्रीनं बोलायचे, एवढंच. आणि आमच्या धंद्यात खात्रीनं बोलणाऱ्याचं ऐकलं जातं.

याच सुमारास माझी एम.डी.ची मैत्रीण मालती मुंबईच्या एका संशोधन संस्थेत तोंडाच्या कॅन्सरवर काम करत होती. तिला तंबाखू खाणाऱ्यांचे ब्लॉक हवे होते आणि मी तिला ते पाठवत होते. सबनिसांना हे ठाऊक होतं, त्यांची हरकत नव्हती. भानुदासांचा एक ब्लॉक मी त्यात घातला. मालती एकाच प्रोटीनच्या मागे होती. त्याचं नाव गॅलेक्टिन-तीन. ते कॅन्सरचं म्हणून वेगळं काही नाही, तुमच्या-माझ्या धडधाकट पेशीतही ते असतं. पण ते एकच काम करत नाही. जिथे असेल तसं त्याचं काम बदलतं, आणि हेच मला त्यात भयंकर वाटायचं.

आपल्या प्रत्येक पेशीत स्वतःला संपवण्याची सोय असते. पेशी म्हातारी झाली, बिघडली की तिनं गुपचूप मरायचं असतं. अशा अब्जावधी पेशी रोज मरतात म्हणून आपण जगतो. हे प्रोटीन पेशीच्या मध्यभागी, केंद्रकात असतं तोवर मुकाट्यानं तिथलं काम करतं. तिथून निघून भोवतीच्या पेशीद्रव्यात आलं, की ते मरणाचा हुकूम अडवून धरतं. पेशी बिघडलेली असूनही मरत नाही. आणि पेशीच्या बाहेर पडलं की तेच प्रोटीन पेशींची आपसातली पकड सैल करतं, त्यांना पुढे घुसायला मदत करतं. आता तर असंही सांगतात, की बाहेर पडून ते आपल्या शरीराच्या राखणदार पेशींनाच मारू शकतं. म्हणजे आपल्या माणसाला मरू द्यायचं नाही आणि पहारेकऱ्याला मारायचं. इतक्या चिमुकल्या गोष्टीत एवढा दुटप्पीपणा असेल असं शिकताना कधी वाटलं नव्हतं.

मालतीचा फोन आला. या प्रोटीनला चिकटणारा तपकिरी रंग तिनं भानुदासांच्या कापावर चढवला होता.

"केंद्रकं रिकामी आहेत गं," ती म्हणाली. "सगळा रंग बाहेर आलाय. खोलच्या कडेला तर नुसतं तपकिरी आहे. मला हा पेशंट आवडलेला नाही."

"मग लिहून दे मला तसं."

"वेडी आहेस का? हे अजून संशोधन आहे. यावर कुणाची मान कापायची नसते."

त्यानंतर भानुदास स्वतः लॅबचा जिना चढून आले. बरोबर बायको, हिराबाई. पांढरं धोतर, टोपी, खांद्यावर टॉवेल, आणि माणसाकडे बघायची नजर अशी की आपण बाजारात उभे आहोत असं वाटावं. जिभेचा तुकडा गेल्यानं बोलणं थोडं जड येत होतं. मी इथे ते सरळ लिहिते आहे.

"डॉक्टरीनबाई तुमीच का? माझी जीब तुमच्याकडं हाय म्हनत्यात."

मी हो म्हटलं.

"मला बघायचीय. म्हस बघितल्याबगर मी कुनाला घ्या म्हनत न्हाई. आन् माझ्याच तोंडातलं मी बघितल्यालं न्हाई."

इतक्या वर्षांत हे कुणी मागितलं नव्हतं. मी त्यांना मायक्रोस्कोपसमोर बसवलं. माझ्या भिंगात खूण दाखवणारी एक बारीक सुई होती, तिच्यानं एकेक गोष्ट दाखवत गेले. ही चांगली जीभ, हे स्नायूचे धागे, आणि हे निळे ठिपके, ते इथून आत शिरलेत.

"ह्ये कोन हायेत?"

"तुमच्याच पेशी. बिघडलेल्या. यांनी मरायला पाहिजे होतं. त्या मरत नाहीत."

"का मरत न्हाईत?"

मी त्यांना प्रोटीनबद्दल सांगितलं. मराठीत, जमेल तसं. हिराबाई स्टुलावर बसून ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "प्रोटीन म्हंजी दुधात असतं त्येच का? डेरीवालं सांगत्यात."

"तसलंच, पण दुधातलं नाही. हे आपल्याच पेशीत तयार होतं."

"मंग त्यांना दूध बंद करू का?"

भानुदास भिंगावरून डोळा न काढता म्हणाले, "ए, गप बस. दुधाचा काय संबंध न्हाई." मग मला विचारलं, "मानंत गेलंय का ह्ये?"

"या काचेवरून ते सांगता येत नाही. गेलं असेल किंवा नसेल. पण हे थांबणारं दिसत नाही. माझं मत विचारत असाल तर मानेचं ऑपरेशन करून घ्या."

"सबनीस सायेब तर म्हनत्यात, गरज न्हाई."

"मला वाटतं, आहे."

त्यांनी ऑपरेशनमध्ये काय जातं ते विचारलं. मी खरं ते सांगितलं. मानेतून खांद्याकडे जाणारी एक नस असते, ती कधीकधी जाते. मग खांदा पडतो, हात वर उचलत नाही.

"कंचा हात?"

"जीभ डावीकडची, म्हणजे डावा."

"दावं धरायचा हात डावाच," ते म्हणाले. "उजवा तर रुमालाखाली असतो, सौद्यात." त्यांनी मला दाखवलंही, रुमालाखाली बोटं कशी धरायची आणि आकडा तोंडातून न काढता भाव कसा सांगायचा ते. बोलणं जड झाल्यावर हा व्यवहार त्यांना आणखीच सोयीचा झाला होता. "जीब नसली तरी चालंल आमच्यात. पन म्हशीनं वढ घेतली तर डाव्या हातानं धराया नगं का?"

ते उठले आणि सरळ सबनिसांकडे गेले. त्यानंतरचा फोन मी विसरले नाही.

"पेशंटला स्लाइड दाखवता तुम्ही? त्याला प्रोटीन शिकवता?" सबनिसांचा आवाज पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "माणूस घाबरून आलाय. हे तुमचं प्रोटीन मुंबईच्या प्रयोगशाळेबाहेर अजून कुणी ऐकलेलं नाही."

"सर, प्रोटीन सोडून द्या. नुसती कड बघा. मी स्लाइड घेऊन येते."

"मॅडम, तुमचं काम काचेवर. पेशंट माझा आहे."

त्यांनी भानुदासांना समजावलं. कसं समजावलं ते हिराबाईंनी मला नंतर सांगितलं. पाठीवर हात ठेवून म्हणाले, म्हणे, "मी आहे ना. पॅथॉलॉजीवाल्यांना सगळीकडे वाघ दिसतो." भानुदासांना हेच ऐकायचं होतं. मला राग सबनिसांचा आला तसा थोडा त्यांचाही आला. पण हात जाऊ शकतो हे मी सांगितलं होतं, आणि काही होणार नाही हे सबनिसांनी. मी भानुदासांच्या जागी असते तर कुणाकडे वळले असते?

त्या महिन्यापासून सबनिसांचे तुकडे माझ्याकडे यायचे बंद झाले. दुसऱ्या लॅबला जाऊ लागले. त्यांनी कुणाला काही सांगितलं नसेल, पण बाकीच्या काही सर्जनांनीही हात आखडता घेतला. लॅब पुन्हा रक्त-लघवीवर आली.

पावसाळा सरायच्या सुमाराला भानुदासांच्या मानेत गाठ आली. ती हाताला लागली तेव्हा आत बरंच काही होऊन गेलेलं होतं. सबनिसांनी त्यांना मुंबईला पाठवलं. तिथे ऑपरेशनची वेळ गेली असं सांगून रेडिएशनचे शेक दिले. नवरा-बायको धर्मशाळेत राहिले. मालती त्यांना दोनदा भेटून आली. पहिल्यांदा ते तिच्याशी म्हशींबद्दल बोलले, दुसऱ्यांदा बोलता येत नव्हतं. उन्हाळ्यात घोडेगावच्या घरी ते वारले. मला हे कळलं ते एका कंपाउंडरकडून, बाजाराची बातमी सांगावी तसं.

पुढे आमच्या डॉक्टरांच्या एका बैठकीत सबनिसांनी ही केस मांडली. लहान गाठ असूनही अनपेक्षितपणे फैलावलेला कॅन्सर, असा विषय. पडद्यावर माझ्या स्लाइडचे फोटो होते, मुंबईच्या हॉस्पिटलातून आलेले. सुरुवातीच्या रिपोर्टचा उल्लेख नव्हता. भाषण छान झालं. 'अनपेक्षितपणे' हा शब्द त्यांनी इतक्या वेळा वापरला, की शेवटी मी उठून म्हणाले, "सर, रिपोर्टमध्ये अपेक्षित होतं." काही जण खाली बघू लागले. अध्यक्षांनी चहा तयार असल्याचं सांगितलं. चहाच्या वेळी माझ्या शेजारी कुणी उभं राहिलं नाही.

आता एवढं सांगितल्यावर माझं बरोबर होतं असं म्हणून थांबता आलं असतं. पण मालतीनं पुढे जे पाहिलं तेही सांगते. तिच्याकडच्या आणखी काही पेशंटच्या कापावर अगदी तसाच तपकिरी रंग पसरलेला होता, आणि ती माणसं कॅन्सर परत न येता जगत होती. उलट केंद्रकात शिस्तीत बसलेलं प्रोटीन असणारे काही गेलेही. म्हणजे भानुदासांच्या बाबतीत ते प्रोटीन खरं बोललं, की माझा अंदाज योगायोगानं लागला, हे मला आजही सांगता येत नाही. मान साफ केली असती तर ते वाचले असते का, हेही नाही. सबनिसांवर मी धरलेला राग मात्र खरा होता आणि तो अजून आहे. त्यांनी एकदा येऊन ती कड बघायला हवी होती. जिना फार उंच नव्हता.

वर्षश्राद्ध झाल्यावर हिराबाई आल्या. एकट्याच, एसटीनं. मला वाटलं दाखला वगैरे हवा असेल. त्यांनी पाणी घेतलं, मग विचारलं.

"बाई, त्यो तुकडा अजून हाय का?"

"ब्लॉक आहे. मेणात ठेवलेला असतो."

"जित्ता हाय का?"

मला प्रश्नच कळला नाही.

"तुमीच तवा म्हनला हुता, ह्ये मरत न्हाईत म्हनून. ह्यांना तर आमी जाळलं. सगळं जाळलं. पन त्यो तुकडा हितंच ऱ्हायला. लेक म्हनती, काय तरी याड घिऊन बसलीस. पन मला झोप न्हाई, बाई. त्यो हितं वाढत असंल तर ह्यांची सुटका कशी व्हायची?"

माझ्याच शब्दांनी या बाईची वर्षभराची झोप गेली होती. मी कपाटातून ती काच काढली. त्यांना मायक्रोस्कोपसमोर बसवलं. त्यांनी पदर मागे सारून डोळा लावला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"हालत न्हाई."

"नाही हलत. मेलंय ते सगळं."

"खरं?"

"अगदी खरं."

"कवा मेलं?"

"ऑपरेशन झालं त्याच दिवशी. बाटलीत टाकलं की मरतं. फॉर्मॅलिन म्हणून औषध असतं त्यात. त्यापुढे कुठलीच पेशी टिकत नाही."

त्यांनी भिंगावरून तोंड वर केलं. मला वाटलं त्यांना बरं वाटेल.

"म्हंजी तुमच्याकडं त्याला मारायचं औशीद हुतं?"

"हो, पण..."

"मंग ह्यांच्या तोंडात का न्हाई घातलं?"

"हिराबाई, त्या औषधानं नुसता आजार मरत नाही. माणूसही मरतो."

"मानूस तर मेलाच की, बाई," त्या म्हणाल्या.